हिलाल फुवांचा लोड

हेमराजच्या कॉम्प्युटरला लग्नातलं सगळं चालायचं. नवरी चालायची, नवरदेव चालायचा, हळदीत एकमेकींची तोंडं पिवळी करणाऱ्या बाया चालायच्या, पंगतीत मठ्ठा सांडणारा वाढपीसुद्धा चालायचा. चालत नव्हते ते फक्त हिलाल फुवा. फुवा पडद्यावर आले, दोन्ही हात वर करून त्यांनी कंबर हलवायला घेतली, की कॉम्प्युटर 'टक्' करून मरायचा. अडकायचा नाही, हळू व्हायचा नाही, सरळ मरायचा. पंखे थांबायचे, दिवे विझायचे आणि काळ्या पडद्यात हेमराजला स्वतःचंच घामेजलेलं तोंड दिसायचं.

रनाळ्यात घराच्या पुढच्या खोलीत हेमराजचं लग्नाच्या शूटिंगचं दुकान होतं. पाटीवर 'काजल डिजिटल' असं लिहिलेलं. काजल म्हणजे त्याची बायको. बायकोचं नाव दिलं की धंद्याला बरकत येते असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. बरकत आली की नाही ते काजललाच माहीत, पण गावातली माणसं पैसे मागायला आली की पाटी वाचून तिच्याकडे जायची, हे मात्र खरं.

गल्लीतल्याच योगेंद्र पाटलाच्या मुलीचं, मयूरीचं लग्न माघात झालं. योगेंद्र पपई पिकवणारा, हौशी माणूस. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक पहिल्यांदा माहेरी येणार, झोका बांधला जाणार, गल्लीतल्या साऱ्या बाया गोळा होणार, तेव्हा अंगणात मोठ्या टीव्हीवर सगळ्यांना लग्न दाखवायचं, असा त्याचा बेत होता. हेमराजने होकार दिला होता. दिलाच असता, कारण त्याने नुकतंच सुरतहून जुनं पण दमदार ग्राफिक्स कार्ड आणलं होतं. आजकाल लोकांना नुसतं लग्न पुरत नाही. ठिणग्या लागतात, धूर लागतो, आकाशातून सोन्याची भुकटी पडावी लागते. ते सगळं करायला हे कार्ड. पॅसेंजर गाडीत त्याने ते मांडीवर धरून आणलं होतं, बाळंतिणीने बाळ आणावं तसं, आणि नंदुरबारपर्यंत कुणाला बाजूला टेकू दिलं नव्हतं.

हंगामाची सगळी कमाई त्या कार्डात गेली. कार्डाला करंट पुरवणारा डबा मात्र जुनाच राहिला. कॅबिनेटच्या पाठीत बसवलेला तो पत्र्याचा डबा, ज्याला एसएमपीएस म्हणतात, कॅबिनेटबरोबर फुकटच आला होता. त्याच्यावर 'पाचशे वॅट' असं छापलं होतं आणि छापलेल्या गोष्टीवर हेमराजचा लहानपणापासून विश्वास होता. खिल्लारी बैल आणावा आणि त्याच्यापुढे शेळीचा चारा टाकावा, तशातली ती गत. पण हे त्याच्या ध्यानात यायला बरंच रामायण घडायचं होतं.

आता हे हिलाल फुवा कोण? योगेंद्रची थोरली बहीण कौसाबाई, तिचे हे यजमान. तळोद्याला सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते, आता निवृत्त. आत्याच्या नवऱ्याला इकडे फुवा म्हणतात, आणि कौसाबाई गावची लेक, म्हणून सारं गाव त्यांना फुवाच म्हणायचं. हळदीच्या संध्याकाळी डीजे लागला तेव्हा फुवा लाल फेटा बांधून मधोमध उतरले आणि असे नाचले की वाजवणाऱ्याने एकच गाणं पुन्हा पुन्हा लावलं. नाचून झाल्यावर त्यांनी हेमराजला मांडवाच्या खांबाआड नेलं आणि सांगितलं, "मन्हावर ठिणग्या टाकजो. सोनेरी. आन जरा सावकाश दाखाडजो, म्हंजे लोकेस्ले नीट दिखी."

हेमराजने टाकल्या. सढळ हाताने टाकल्या. फुवांच्या चहूबाजूंनी ठिणग्या, मागून सोनेरी झोत, वरून भुकटी, आणि सगळं स्लो मोशनमध्ये. आणि तिथेच घोडं अडलं.

त्याने सगळे उपाय करून पाहिले. कॅबिनेटचं झाकण काढून टेबलफॅन लावला. खोलीतला दिवा बंद केला, घरातला फ्रिज बंद केला. फ्रिज बंद केल्याने दूध नासलं, ते काजलने कॉम्प्युटरसमोर आणून ठेवलं. चैत्राचं ऊन असं की पत्र्याखाली बसलेला माणूस ज्वारीच्या पापडासारखा, बिबड्यासारखा वाळावा. पण फुवा काही पडद्यावर टिकेनात.

अशात योगेंद्रचा फोन आला. "काय रे भो, व्हयना का व्हिडिओ?"

"कवयच व्हई जाता भाऊ," हेमराज वैतागून म्हणाला, "पन तुमना हिलाल फुवा आडा येतस. त्या उनात का कॉम्प्युटर बंद पडस."

योगेंद्रला हसू आवरेना. मेहुण्यावर हसायची संधी कोण सोडतो? संध्याकाळी दूध घालायला गेला तेव्हा त्याने ती गोष्ट डेअरीवर सांगितली, आणि डेअरीवर सांगितलेली गोष्ट म्हणजे दवंडीच. दोन दिवसांत सगळ्या रनाळ्याला कळलं की हिलाल फुवांचा लोड मशीनला झेपत नाही. पुढच्या खेपेला फुवा एसटीतून उतरले तर पीठगिरणीवाला दारातूनच हात जोडून म्हणाला, "फुवा, जरा तिकडथीन जा. मन्ही मोटर चालू शे." डेअरीवर त्यांना दुधाचं फॅट मोजायच्या यंत्राजवळ उभं राहू दिलं नाही. फुवांना आधी काही उमगेना. मग कुणीतरी उलगडून सांगितलं, आणि फुवा चहा अर्धा ठेवून उठले.

दुसऱ्या दिवशी ते तळोद्याहून परत आले ते एक भलाथोरला व्होल्टेज स्टॅबिलायझर घेऊन. जुन्या काळचा, शेळीएवढा आणि शेळीपेक्षा जड. घरचा फ्रिज मोडीत गेला तरी हा उरला होता, आणि इतकी वर्षं कौसाबाई त्याच्यावर पाण्याचा माठ ठेवायची. एसटीच्या कंडक्टरने त्याचं अर्धं तिकीट फाडायचं म्हटलं होतं. स्टॅण्डपासून दुकानापर्यंत फुवांनी तो तीनदा खाली ठेवला आणि प्रत्येक वेळी त्याच्यावरच बसून दम घेतला.

"हेमराज," दारात उभं राहून ते म्हणाले, "मन्हावर काय आळ टाकी ऱ्हायना तू?"

"आळ नही फुवा. तुम्ही पहिले बठा. काजल, फुवास्ले पानी दे."

"पानी नंतर. दोष मन्हा नही, तुमना गावना करंटना शे. हाई लाव."

स्टॅबिलायझर लावला. त्याचा काटा दोनशे तीसवर जाऊन असा स्थिर बसला की जणू समाधी लागली. फुवांनी छाती पुढे काढली. हेमराजने लग्न सुरू केलं. हळदीच्या बाया आल्या, गेल्या. लाल फेटा दिसला. फुवांचे हात वर गेले. टक्.

स्टॅबिलायझरचा काटा दोनशे तीसवरच होता.

फुवा वाकले आणि त्यांनी टेबलाखाली पाहिलं. "तू पायवरी बटन दाबस."

"देवानी शप्पथ नही."

"पाय वर ली बठ."

हेमराज खुर्चीवर मांडी घालून बसला. तरी फुवांचं समाधान होईना. सरकारी नोकरीत त्यांनी भल्याभल्यांच्या फायली पकडल्या होत्या. त्यांनी हेमराजला उठवलं, पार ओसरीत उभं केलं आणि माऊस स्वतःच्या हातात घेतला. हेमराज दारातून सांगत गेला, इथे दाबा, तिथे दाबा. फुवांनी दाबलं. बाया, फेटा, हात वर. टक्.

फुवांनी माऊस खाली ठेवला. मग स्टॅबिलायझरवर बसले. काजलने पाणी आणून दिलं ते त्यांनी नुसतं हातात धरलं.

"पस्तीस वरीस व्हयनात, मी या गावना जवाई शे," ते म्हणाले. "योगेंद्रना लगीनना फोटोमा मी खांबाना मांगे उनू. त्याना धाकला भाऊना लगीनमा मन्ही टोपी उनी, मी नही उनू. एक फोटो शे, त्यामा नुसता मन्हा कोपर शे, जिलबीनं ताट धरेल. रिटायर व्हयनू तैन साहेब सुट्टीवर व्हता, फोटोवालाबी उना नही. मी म्हनं, या डाव तरी आख्खा दिखसू. ते आते मशीनबी नही म्हनी ऱ्हायनं."

हेमराजला हसू येत होतं ते कुठल्या कुठे गेलं. काजल आतून बिबड्यांच्या पिठाचे हात घेऊनच आली होती, ती दाराला टेकून उभी होती. तिने विचारलं, "त्या ठिणग्या शेतस, त्या फुवास्ना बदली कोनी दुसरावर टाकतस येतस का?"

"येतस. काबर?"

"टाकी तं देखा."

हेमराजने कॉम्प्युटर पुन्हा चालू केला. मांडवामागे आचारी मोठ्या हंड्यात वरण ढवळत होता, तो तुकडा त्याने काढला. फुवांचा सगळा साज, ठिणग्या, झोत, भुकटी, स्लो मोशन, उचलून आचाऱ्यावर घातला. सोनेरी आगीच्या वर्षावात आचाऱ्याने डाव उचलला, वरणाची धार संथपणे खाली यायला लागली, आणि टक्.

फुवा उभे राहिले. "आचारीवर बी बंद पडना," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने पुन्हा, जरा मोठ्याने, "आचारीवर बी."

"हा ना."

"आते योगेंद्रवर टाक."

योगेंद्रवर टाकल्या. योगेंद्र पाहुण्यांना नमस्कार करत होता. हात जुळायच्या आत टक्. फुवांच्या तोंडावर इतक्या दिवसांनी रंग चढला. मग त्यांना चैन पडेना. त्यांनी नवरीच्या मामावर ठिणग्या टाकायला लावल्या, वाजंत्रीवाल्यावर टाकायला लावल्या, मांडवाच्या कडेला बांधलेल्या वासरावरही टाकायला लावल्या. वासरू बिचारं नुसतं उभं होतं. त्याच्यावरही बंद पडला. शेवटी हेमराजने फुवांच्या अंगावरचा सगळा साज काढून त्यांना साधेच लावले, तर ते सुरळीत चालायला लागले. पण दोन क्षणांतच फुवांनी पडद्यासमोर हात धरला. "बंद कर. असं नही देखनं माले. देखसू तं ठिणग्यास्ना संगेच."

हेमराजच्या डोक्यात तेव्हा लख्ख उजेड पडला. ठिणग्या आल्या की कार्डाची भूक वाढते, आणि मागचा डबा तेवढं जेवण वाढू शकत नाही. खरं म्हणजे हे त्याला आधीच कुठेतरी कळत होतं. पण कळलं असतं तर डबा बदलावा लागला असता, आणि डबा बदलायला पैसे लागले असते, म्हणून त्याने ते कळू दिलं नव्हतं. आता त्याने ते फुवांना सांगून टाकलं.

"मंग देखतस काय," फुवा म्हणाले. "सकाय नंदुरबार चाल. मी येस संगे."

निवृत्त माणसाला काम मिळालं की त्याला आवरणं कठीण. सकाळच्या पहिल्या गाडीला, मेहुण्याकडे मुक्कामाला राहिलेले फुवा इस्त्रीचा शर्ट घालून तयार होते.

नंदुरबारच्या बाजारात धर्मचंद शेठचं दुकान होतं. पूर्वी ते निव्वळ भांड्यांचं. मुलगा अंकित शिकून आल्यावर त्याने निम्म्या दुकानात कॉम्प्युटरचं सामान भरलं. म्हणून डाव्या हाताला पातेली आणि परातींच्या उतरंडी, उजव्या हाताला कीबोर्ड आणि वायरींची भेंडोळी. त्या दिवशी अंकित बायकोला, चांदनीला घेऊन सासुरवाडीच्या लग्नाला इंदूरला गेलेला. दोन्ही बाजू धर्मचंद शेठच सांभाळत होते, आणि उजव्या बाजूकडे जायची वेळ आली की त्यांच्या कपाळावर आठी पडत होती.

"देखो भाऊ," ते हेमराजला म्हणाले, "वॅट-बिट आपल्याला समजत नाही. आपल्याला वजन समजतं. भांडं असो, मशीन असो, जड ते टिकाऊ." त्यांनी दोन डबे काढले आणि भांड्यांच्या काट्यावर एकामागून एक ठेवले. एकावर साडेसातशे वॅट लिहिलं होतं, तो चांगलाच जड भरला. दुसऱ्यावर साडेचारशे, तो त्याच्याहून हलका. मग शेठने चष्मा वर करून किमतीच्या चिठ्ठ्या वाचल्या, खाली केला, पुन्हा वर करून वाचल्या. साडेसातशेचा स्वस्त होता, साडेचारशेचा महाग.

"हाऊ काय हिशोब?" फुवांनी विचारलं.

"अंकितने चिठ्ठ्या घाईत लावल्या असतील," शेठ म्हणाले आणि अडकले. चिठ्ठी लावलेल्या भावाला माल नाही म्हणणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. त्यांनी दीर्घ श्वास घेतला. "जे लिहिलं ते लिहिलं. घेऊन जा."

हेमराज काहीतरी बोलणार तेवढ्यात फुवांनी त्याचा दंड धरला. "पैसा दे आन चाल," ते कानात म्हणाले. दोघं जड डबा घेऊन असे लगबगीने निघाले की मागे वळून पाहायलाही नको. शेठची चूक त्यांच्या लक्षात यायच्या आत स्टॅण्ड गाठायचा होता. गाडीत फुवा वाटभर सांगत होते की बाजारात कसं उभं राहावं, कधी बोलावं आणि कधी गप्प बसावं.

घरी काजलने डबा हातात घेतला, जड लागला म्हणून जरा हलवला. आतून खडखड आवाज आला.

"यामा काय शे?"

"मशीन शे," फुवा म्हणाले.

"मशीन असं वाजस?"

हेमराजने तो लावायच्या आधीच स्क्रू काढून झाकण उघडलं. आत वायरींचं एक बोटभर गाठोडं होतं, आणि त्याच्या शेजारी डिंकाने चिकटवलेला पण आता सुटलेला सिमेंटचा चौकोनी तुकडा. चांगला, गुळगुळीत, घोटून काढलेला.

तिघंही त्या तुकड्याकडे बघत राहिले. "सिमेंट चांगलं शे," फुवा शेवटी म्हणाले, कारण काहीतरी बोलणं भाग होतं.

काजल हात धुऊन आली. "सकाय मी येस," ती म्हणाली. "दोन मानसे गयात आन सिमेंट ली उनात."

हेमराजने मान खाली घातली. फुवांनी छताकडे पाहिलं. स्टॅबिलायझर कोपऱ्यात पडला होता, तो परत तळोद्याला न्यायची ताकद फुवांच्यात नव्हती. काजलने त्याच्यावर टिचकी मारून पाहिली. "यामा तांबं ऱ्हास ना फुवा?"

"भलतं ऱ्हास. जुना शे."

"मंग यालेबी ली चाला. शेठ मोड लेतस."

दुसऱ्या दिवशी तिघं आणि स्टॅबिलायझर नंदुरबारला पोचले तेव्हा दुकानात एका लग्नघराची भांड्यांची खरेदी चालू होती. शेठच्या चेहऱ्यावर मोठं गिऱ्हाईक बसल्याचं तेज होतं. काजलने सिमेंटचा तुकडा काट्यावर ठेवला.

"हे काय, ताई?"

"तुम्हीच देल शे, शेठ. साडेसातशे वॅट."

लग्नघरच्या बायांनी हातातली पातेली खाली ठेवली. शेठचा चेहरा परातीसारखा पांढरा झाला. आयुष्यभर वजनावर विश्वास ठेवलेला माणूस तो. त्याला वजनानेच दगा दिला होता. त्यांनी थेट इंदूरला फोन लावला आणि हेमराजचं नाव, त्याच्या कार्डाचं नाव सांगून सगळा प्रकार ऐकवला. तिकडून अंकितचा आवाज सगळ्या दुकानाला ऐकू आला. "पप्पा, ते साडेसातशेवाले डबे मी परत पाठवायला बाजूला काढून ठेवले होते. विकले कोणी?"

"चिठ्ठी लावलेली होती," शेठ म्हणाले.

"चिठ्ठी पुरवठादाराने लावलेली. साडेसातशे त्याच्यावर नुसतं लिहिलंय, पप्पा. साडेचारशेवाला खरा साडेचारशे देतो. हेमराजभाऊच्या कार्डाला तेवढा पुरतो, त्याला तोच द्या."

शेठने फोन ठेवला आणि कपाटातून त्या जातीचे उरलेले डबे काढले. मग ते एकेक डबा कानाजवळ धरून नारळासारखा हलवू लागले. फुवाही मदतीला सरसावले. एक डबा शेठच्या कानाशी, एक फुवांच्या. "हाऊ वाजस," फुवा म्हणायचे आणि डबा डाव्या बाजूला ठेवायचे. "हा पण," शेठ म्हणायचे. लग्नघरच्या बाया आपली खरेदी विसरून बघत उभ्या राहिल्या. त्यातल्या एकीने हळूच हातातलं पातेलंही कानाशी धरून हलवलं, तेव्हा मात्र शेठला धोका दिसला.

"ताई, तुम्ही आत या, बसा, चहा घ्या," ते काजलला म्हणाले. "आपण मिटवून टाकू."

काजल बसली नाही. उभ्यानेच तिने मिटवलं. सिमेंटवाल्या डब्याचे पैसे वळते करायचे, साडेचारशेवाला शेठच्या खरेदीच्या भावात द्यायचा, आणि वरची तूट या स्टॅबिलायझरच्या मोडीत भागवायची. शेठने स्टॅबिलायझर काट्यावर घेतला. काटा खाली बसला तशी त्यांची नजर चमकली, आणि लगेच मावळली.

"यात पण सिमेंट नाही ना?" त्यांनी विचारलं.

फुवांना ते लागलं. "उघाडी ल्या," ते म्हणाले. शेठने खरंच उघडून घेतला. आत तांब्याची तार अशी घट्ट गुंडाळलेली होती की पाहतच राहावी. शेठने ती बोटाने दाबून पाहिली आणि बऱ्याच वेळाने त्यांच्या जिवात जीव आला.

तूट भागली. पण निघताना फुवांचे पाय उंबऱ्यात अडखळले. माठ कशावर ठेवायचा हा विचार त्यांना आत्ता सुचला होता, आणि कौसाबाईला आपण विचारलेलंच नाही, हाही. काजलने परत आत जाऊन लोखंडी तिवई मागितली. लग्नघरच्या बाया अजून बसलेल्या होत्या. शेठने तिवई दिली.

फुवा तिवई घेऊन परस्पर तळोद्याला गेले. आखाजी तोंडावर आली होती, कौसाबाईला घेऊन माहेरी यायचं होतं. हेमराजने त्याच संध्याकाळी नवा डबा बसवला. काजल शेजारी येऊन उभी राहिली. बाया आल्या, गेल्या. लाल फेटा दिसला. हात वर गेले. ठिणग्या उसळल्या, सोनेरी झोत उजळला, भुकटी पडायला लागली. दोघंही श्वास धरून होते. पंखा नुसता जरा जोरात फिरला, बस.

आणि मग त्या दोघांनी हिलाल फुवांचा नाच पहिल्यांदा अखेरपर्यंत पाहिला.

स्लो मोशन वाईट असतं. फुवा उजवीकडे जात होते, तर त्यांचं पोट अजून डावीकडेच होतं. ते उजवीकडे निघेपर्यंत फुवा परत वळलेले असायचे. गाल वेगळ्याच तालावर. डोळे मिटलेले, तोंड उघडं, आणि त्या उघड्या तोंडाभोवती सोन्याचा पाऊस. काजल जमिनीवर बसली आणि पदर तोंडात कोंबून हसली. हेमराजच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"काटी टाकू का जरासं?" त्याने विचारलं.

"नका. इतकं करं त्यास्नी," काजल डोळे पुसत म्हणाली. मग परत हसली.

आखाजीला मयूरी आली. दिवसभर झोका चालला, गाणी झाली, पुरणपोळी आणि आमरस झाला. दिवेलागणीला योगेंद्रने अंगणात टीव्ही मांडला. हेमराजने स्वतःचा कॉम्प्युटरच आणून जोडला होता. त्याला आता त्याचा अभिमान वाटत होता. हिलाल फुवा पहिल्या रांगेत, पांढराशुभ्र शर्ट घालून बसले. कौसाबाई बायांमध्ये. अफवा सगळ्यांना ठाऊक होती, म्हणून हळद सुरू झाली तशी अंगणात कुजबुज थांबली. गिरणीवाला तर उभा राहून बघत होता.

फुवा पडद्यावर आले. कॉम्प्युटर चालूच राहिला. आधी कौतुकाचा एक हुंकार उठला. मग फुवांचं पोट डावीकडे निघालं.

पहिली हसली ती मयूरी. मग सगळं अंगण. म्हाताऱ्या बाया एकमेकींच्या खांद्यावर पडल्या. योगेंद्र खुर्चीवरून उठून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, त्याचे खांदे हलत होते. फुवा मात्र टीव्हीकडे असे बघत होते की जणू कुणी परका माणूस आपला फेटा घालून उभा आहे. ते हळूच हेमराजकडे झुकले.

"मी असा नाचस?"

"हा, फुवा."

"नेहमी असाच?"

"मी एकच डाव देखेल शे."

"आते काटता येई का?"

हेमराज काही बोलायच्या आत मयूरीने तो तुकडा पुन्हा लावायला सांगितला. फुवांनी मान खाली घातली. मयूरी उठून त्यांच्याजवळ येऊन बसली. "फुवा, मन्ही सासू काय म्हने माहीत शे? म्हने, लगीनमा बठ्ठा लोके जेवनना मांगे, नुसता तो लाल फेटावाला नाचाना मांगे. त्याले आपला घर बलाय."

फुवांनी तिच्याकडे पाहिलं. मग परत टीव्हीकडे. पडद्यावरचे फुवा अजून नाचतच होते, त्यांना कुणाचंच काही पडलेलं नव्हतं.

"हाई सावकाशनी चूक शे," ते अखेर म्हणाले. "मी इतला सावकाश नाचतच नही. लोकेस्ले वाटी, खरंच असा नाचस."

"मंग कसा नाचतस?" कौसाबाईने बायांमधून विचारलं.

फुवा उठले. त्यांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि हेमराजला सांगितलं, "गानं लाव. तेच. ठिणग्या नको, नुसतं गानं."

हेमराजने लावलं. फुवा अंगणाच्या मधोमध गेले, दोन्ही हात वर केले आणि खऱ्या वेगाने नाचायला लागले. मयूरी टाळ्या वाजवत उठली, मग झोक्यावरच्या पोरी, मग गिरणीवाला, आणि शेवटी योगेंद्रही डोळे पुसत आत शिरला. कौसाबाईने पदर डोळ्यांवर ओढला, पण जरासा वर धरून.

काजलने हेमराजला कोपर मारलं. "कॅमेरा कोठे शे?"

"घर," हेमराज म्हणाला आणि धावत सुटला.